दुसऱ्या दिवसाचे काम

(नेसरी येथील स्मृती व्याख्यानमालेत ‘समाजाच्या उभारणीत तरुणांची भूमिका’ या विषयावर दिलेले व्याख्यान)



नेसरीत उभे राहून तरुणांविषयी बोलायचे तर सुरुवात खिंडीपासूनच करावी लागते. 24 फेब्रुवारी 1674 या दिवशी स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण इथे धारातीर्थी पडले. त्याच्या आदल्या वर्षी उमराणीजवळ प्रतापरावांनी याच खानाला कोंडीत पकडले होते. खान शरण आला, प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. शिवाजी महाराजांना ते रुचले नाही, आणि खान पुन्हा उलटून आल्यावर तर महाराजांचे बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. त्या सलत्या मनाने ते या खिंडीत शिरले. पुढे कुसुमाग्रजांनी त्या दौडीवर कविता लिहिली, तिचे गाणे झाले, आणि नेसरीचे नाव महाराष्ट्राच्या घराघरात गेले.

या लढाईची एक जुनी नोंद इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. नारायण शेणवी नावाचा त्यांचा दुभाष्या होता. त्याने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईला जे कळवले त्याचा सारांश असा, की दोन डोंगरांमधल्या अरुंद जागेत सेनापती अवघ्या सहा घोडेस्वारांसह मारला गेला आणि बाकीची फौज मागे राहिली. हे मागे राहिलेल्या फौजेचे वाक्य आपण सहसा वाचत नाही. मला आज त्याच वाक्यापाशी थांबायचे आहे. सेनापती पडला की फौज फुटते, हा त्या काळातल्या लढायांचा नेहमीचा अनुभव. इथे फौज फुटली नाही. सरदार आनंदराव यांनी ती सावरली, एकत्र ठेवली आणि आदिलशाही मुलखावरची मोहीम पुढे नेली. मग हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. आणि नेसरीनंतर साडेतीन महिन्यांच्या आत, 6 जून 1674 रोजी, रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला.

ज्या सात वीरांची आठवण आपण ठेवतो, ती ठेवलीच पाहिजे. त्यांच्या इमानाला तोड नाही. परंतु 25 फेब्रुवारीच्या सकाळी ज्यांनी विखुरलेली माणसे गोळा केली, जखमी उचलले, घोडी मोजली, दाणावैरणीची व्यवस्था लावली आणि फौज पुन्हा उभी केली, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. स्वराज्य टिकले त्यात त्यांचाही वाटा तेवढाच आहे.

आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगायचे आहे. समाज हलवायला धाडस लागते. ते तरुणांकडे असते आणि त्याचे कौतुक आपण भरभरून करतो. पण समाज उभा राहतो तो धाडसाच्या दुसऱ्या दिवशी जे काम सुरू होते त्यावर. ते काम संथ असते, किचकट असते, वर्षानुवर्षे चालते आणि त्याची मिरवणूक निघत नाही. तरुणांनी हे दुसऱ्या दिवसाचे काम अंगावर घ्यावे, आणि वडीलधाऱ्यांनी ते करण्याचा अधिकार त्यांच्या हाती द्यावा, एवढेच माझे मागणे आहे. हे मागणे मी पुस्तकातून उचललेले नाही. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याने ते करून दाखवले आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा त्यांना विसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. आज आपण त्या वयाच्या मुलाला घरचा बैलबाजारही एकट्याने करू देत नाही. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा ते 28 वर्षांचे होते. तो आदेश आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण आदेश एका दिवसात निघतो. त्या जागांवर बसणारी शिकलेली माणसे तयार व्हायला एक पिढी लागते, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. म्हणून आदेशाच्या आधीच, 1901 पासून, कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहत गेली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर तो शिकेल, इतका साधा विचार त्यामागे होता. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय झाला. पुढे 1945 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा याच कोल्हापूर संस्थानाने केला, आणि भारतातला तो पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. आदेश, वसतिगृह, शाळा, ग्रंथालय अशी ही साखळी चाळीस-पन्नास वर्षांची आहे.

त्या वसतिगृहांतून कोण घडले, याचे एकच उदाहरण देतो. कुंभोजचा एक मुलगा कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला हा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितले, त्याने नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्या नकाराला धाडस लागले, यात शंका नाही. पण भाऊराव कर्मवीर झाले ते त्या एका नकारामुळे नव्हे. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालणारे वसतिगृह सुरू केले, आणि हयातभर त्या मुलांच्या धान्याची, कपड्यांची, फीची तजवीज केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्या मुलांच्या पोटासाठी खर्ची घातले. नकार एका संध्याकाळचा होता, त्याची फेड चाळीस वर्षे चालली.

वडीलधाऱ्यांचे काम काय असते, तेही शाहू महाराजांकडूनच शिकावे. मार्च 1920 मध्ये माणगावला परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर, वय 28 वर्षे. महाराज स्वतः तिथे गेले आणि हजारो लोकांसमोर त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. त्याआधी जानेवारीत निघालेल्या ‘मूकनायक’ला त्यांनी आर्थिक मदत केली होती. छत्रपती असलेला माणूस एका तरुण विद्वानाला जाहीरपणे पुढारी म्हणतो, त्याच्या वृत्तपत्राला पैसे देतो आणि स्वतः मागच्या रांगेत उभा राहतो. तरुणांवर विश्वास टाकणे याला म्हणतात.

आता आपल्या आणखी जवळ येऊ. इथून आजऱ्याकडे जाऊन पुढे डोंगर ओलांडला की भुदरगड तालुका लागतो. 13 डिसेंबर 1942 रोजी गारगोटीच्या सरकारी कचेरीवर आणि खजिन्यावर क्रांतिकारकांनी हल्ला चढवला. करवीरय्या स्वामी, नारायण वारके, तुकाराम भारमल यांच्यासह सात जण तिथे गोळ्यांना बळी पडले. नेसरीत सात, गारगोटीत सात. आपल्या मुलखाने दोनदा सात-सात माणसे दिली. पण गारगोटीचा दुसरा दिवस कसा होता, हे पाहा. हुतात्म्यांचे रक्त सांडले त्याच गारगोटीत दहा वर्षांनी मौनी विद्यापीठ उभे राहिले. खेड्यातल्या मुलांना खेड्यातच शेतीचे, शिक्षणाचे, ग्रामविकासाचे उच्च शिक्षण मिळावे हा त्यामागचा विचार होता, आणि तो विचार करणारा माणूस आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा होता.

डॉ. जे. पी. नाईक यांचे नाव आपल्यातल्या किती तरुणांनी ऐकले आहे, मला कल्पना नाही. 5 सप्टेंबर 1907 रोजी बहिरेवाडीत जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. अत्यंत हुशार विद्यार्थी. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरला, 1932 मध्ये तुरुंगात गेला. तुरुंगातून सुटलेल्या तरुणाला त्या काळी मान होता. सभेत हार पडले असते, पुढारीपण चालून आले असते. नाईक मात्र धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. तिथे शाळा, प्रौढांचे वर्ग, आरोग्य, रस्ते, स्वच्छता या कामांत काही वर्षे घालवली. खेड्यातले मूल शाळेत का येत नाही, आले तर का टिकत नाही, बाई निरक्षर राहिली की घर कसे मागे राहते, हे त्यांनी तिथे दारोदार जाऊन पाहिले. 1964 ते 1966 या काळात देशाच्या शिक्षणाचा आराखडा ठरवणारा कोठारी आयोग काम करत होता. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. दिल्लीत बसून देशाच्या शिक्षणाची मांडणी करताना त्यांच्या डोळ्यासमोर बेटगेरीतली मुले होती. त्यांना पद्मभूषण मिळाले, जगातल्या थोर शिक्षणचिंतकांत युनेस्कोने त्यांची गणना केली. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनीही आयुष्यभर हेच काम केले.

तरुण मित्रांनो, बहिरेवाडी इथून काही फार लांब नाही. देशाच्या शिक्षणधोरणावर ज्याचा ठसा आहे तो माणूस आपल्याच डोंगरकुशीतला. त्याची शिदोरी होती पंचविशी-तिशीत एका अनोळखी खेड्यात केलेले चिवट काम. मोठे काम करण्यासाठी आधी मोठे पद लागते, हा समज त्यांच्या आयुष्याने खोटा पाडला आहे.

आता जो विषय मला अधिक सविस्तर मांडायचा आहे, तो आपल्याच गडहिंग्लजचा आहे. देवदासी प्रथेविरुद्धची चळवळ. इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. घरात दुखणे आले, गुरे मेली, मुलीच्या केसात जट आली, की यल्लम्माचा कोप झाला असे ठरायचे. मग सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन मुलीच्या गळ्यात मोती बांधायचे. ती जोगतीण झाली की तिचे लग्न नाही, तिच्या मुलांना बापाचे नाव नाही, आणि परडी घेऊन जोगवा मागण्यावाचून पोटाचा दुसरा आधार नाही. अशा मुलींपैकी कितीतरी जणींचा शेवट मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीत झाला. ज्या घरांतल्या मुलींवर हे ओढवले ती बहुतेक दलित आणि गरीब घरे होती, हेही लपवण्यात अर्थ नाही.

यासंबंधीचा कायदा नव्हता असे नाही. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा 1934 सालीच झाला होता. पण कायद्याच्या पुस्तकाला पाय नसतात. चाळीस वर्षे तो कायदा असताना सौंदत्तीच्या डोंगरावर मोती बांधले जातच होते. 1975 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली. देवदासींनी स्वतः व्यासपीठावर उभे राहून आपले जगणे सांगावे, हे तोवर कुणाला सुचलेही नव्हते. परिषद एका दिवसात आटोपते. पुढचे काम गडहिंग्लज, निपाणी परिसरातल्या प्राध्यापकांनी, शिक्षकांनी, महाविद्यालयीन मुलामुलींनी अंगावर घेतले. प्रा. विठ्ठल बन्ने यांनी त्यात आयुष्य घातले. अत्याळ गावचे राजन गवस तेव्हा तरुण होते. या कामात वावरताना जे पाहिले त्यातून त्यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी 1985 मध्ये आली. पुढे ‘तणकट’साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका तरुणाने आपल्या गावच्या दुखण्याकडे पाठ फिरवली नाही, म्हणून मराठी साहित्यालाही काही मिळाले.

या कामाची रीत समजून घ्या, कारण आजही तुमच्या उपयोगाची तीच आहे. जट आलेल्या मुलीच्या घरी जायचे. आई-बापाला समजवायचे की हे केस न विंचरल्याने, तेलपाणी न मिळाल्याने झाले आहे. ते ऐकत नाहीत, मग पुन्हा जायचे. एखादे दिवशी आजी तयार होते, मग कात्री घेऊन जट काढायची, केस धुवायचे, आणि पुढचे महिनाभर त्या घरात कुणी आजारी पडत नाही ना, याकडे लक्ष ठेवायचे. कारण कुणाला नुसता ताप आला तरी देवीचा कोप म्हणून सगळे मुसळ केरात. ज्या बाया आधीच जोगतिणी झाल्या होत्या त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाचे अर्ज भरायचे, शिधापत्रिका काढून द्यायची, मुलांना शाळेत आईच्या नावावर प्रवेश मिळवून द्यायचा, वसतिगृहात जागा मागायची. ज्या तरुणांनी देवदासींच्या मुलींशी लग्न केले, त्यांना गावात आणि घरात काय ऐकावे लागले असेल, ते आपण समजू शकतो. मोर्चे निघाले, निवेदने गेली. कर्नाटकाने 1982 मध्ये प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्राचा नवा कायदा 2005 सालचा. म्हणजे गडहिंग्लजची परिषद आणि हा कायदा यांच्यात तीस वर्षे गेली. ज्यांनी विशीत हे काम सुरू केले, ते कायदा झाला तेव्हा पन्नाशीला पोचले होते.

आज गडहिंग्लज तालुक्यातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला गळ्यातले मोती म्हणजे दागिना वाटतो, भीती वाटत नाही. एवढा बदल घडवायला तीस वर्षे आणि कित्येक तरुणांचे तारुण्य लागले. तरीही ते काम पूर्ण झाले, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. वयस्क झालेल्या देवदासी आजही तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर दिवस काढत आहेत, आणि अंधश्रद्धा नव्या वेशात येतच आहे.

आता आजच्या तरुणाकडे वळतो. आमच्या मागच्या पिढ्यांनी मुंबई गाठली. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या तालुक्यांतले हजारो लोक गिरणगावात राबले. गावाच्या नावाने घेतलेल्या एका खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. त्यांच्या मंडळांनी गावाकडे पैसे पाठवले, त्यातून शाळेच्या खोल्या झाल्या, देवळे झाली. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्या आधाराचे छत गेले. आज तोच प्रवास पुण्याकडे, गोव्याकडे, बेळगावकडे, बंगळुरूकडे चालू आहे. पहाटे नेसरीच्या रस्त्यावर पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळणारी मुले दिसतात, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेल्या मुली दिसतात. त्यांच्या जिद्दीबद्दल मला नितांत आदर आहे. पण जागा शेकड्यात असतात आणि अर्ज लाखात असतात. यश न मिळालेला तरुण तिशीला येतो, शेती दोन-अडीच एकर, लग्न जमत नाही, आणि मग तो कुणातरी पुढाऱ्याच्या गाडीमागे धावू लागतो. वाढदिवसाच्या फलकावर त्याचा फोटो लागतो. निवडणुकीत त्याच्याकडून राबवून घेतले जाते. निर्णय होतो त्या खोलीत मात्र त्याला खुर्ची नसते. तरुणांचे बळ वापरायचे आणि त्यांना विचारायचे मात्र नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला मोठा अन्याय आहे.

आणि गावात करण्यासारखे काम नाही, असेही नाही. फाटकवाडीच्या धरणामुळे घटप्रभेला पाणी आले, पण ते माळाच्या टोकाच्या शेतापर्यंत पोचते का? आजरा घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले, काजू आपल्या डोंगरांवर पिकतो, पण भाव ठरवणारा अजून बाहेरचाच आहे. हत्ती आणि गवे शिवारात येतात, पंचनाम्यासाठी शेतकरी खेटे घालतो. म्हाताऱ्या आई-वडिलांना घरी ठेवून मुले पुण्यात आहेत, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या हे बघणारे घरात कुणी नाही. या प्रत्येक प्रश्नाला एका तरुण गटाची दहा वर्षे हवी आहेत.

मी पाणंदीचे उदाहरण घेतो. प्रत्येक गावात अतिक्रमणाने बुजलेली एक तरी पाणंद आहे. पावसाळ्यात ऊस बाहेर काढता येत नाही, आजारी माणूस वाडीवरून खाली आणता येत नाही. त्यावरून भाऊबंदकी, कोर्टकचेरी होते. एखाद्या तरुण मंडळाने ठरवले तर काय करता येईल? आधी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा मिळवावा. पाणंद नकाशावर किती रुंद आहे आणि शिवारात किती उरली आहे, ते टेपाने मोजावे. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची यादी करावी. गावातल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला सोबत घेऊन, एकेकाच्या घरी जाऊन, मोजमाप दाखवावे. ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्यावा. रोजगार हमीतून खडीकरण मागावे. मग दर पावसाळ्यानंतर ती पाणंद उघडीच आहे ना, ते पाहावे. यात कुठेही घोषणा नाही. पण या एका कामातून गावातल्या वीस मुलांना नकाशा वाचता येतो, अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्याशी नीट बोलता येते, भांडणाऱ्या दोन भावांना एका ओट्यावर बसवता येते. पुस्तकातल्या नागरिकशास्त्रापेक्षा हे शिक्षण मोठे आहे.

ग्रामसभा हे तुमच्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे. 1989 पासून 18 वर्षांच्या प्रत्येकाला मत आहे, आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. 21 व्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येते. गावाला किती निधी आला, कशावर खर्च झाला, हे सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाईलमधून बघता येते. याच मोबाईलवर आपण दिवसाचे कित्येक तास घालवतो, त्यातला महिन्याचा एक तास गावच्या हिशेबाला द्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची कथा तुम्ही ऐकली असेल. 1989 मध्ये तिथल्या तरुणांनी आग्रह धरला आणि पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला गावाने बिनविरोध सरपंच केले. ओसाड, कर्जात बुडालेले, दारूने पोखरलेले गाव पुढे पाण्याने आणि पिकांनी भरले. पण ते 1989 मध्ये भरले नाही. झाडे लावणे, ती जगवणे, पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडणे, पाणी ओढणारी पिके टाळणे, हे वर्षानुवर्षे झाले तेव्हा भरले.

आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात चालणार नाहीत. काही दिवसांतच राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींनी असा ठराव करावा म्हणून आवाहन केले. एका गावच्या ग्रामसभेने सबंध राज्याला वाट दाखवली. आता तरुणांचे काम कुठे सुरू होते? गावात मयत झाली की तिसऱ्या घरातली आत्या, मावशी बांगड्या फोडायला पुढे येते, त्या क्षणी तिचा हात अदबीने धरणारा नातू किंवा नात त्या घरात हवी. ठराव दप्तरात असतो, तो अंगणात आणावा लागतो.

आणि हे काम एकट्या मुलांचे नाही. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या 1000 मुलांमागे 839 मुली होत्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात, शिकलेल्या-सवरलेल्या, पैसेवाल्या घरांत मुलींना जन्मच नाकारला गेला. आज तिशीतल्या मुलांची लग्ने जमत नाहीत म्हणून आपण हळहळतो, त्याच्या मुळाशी हाही गुन्हा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यावर निवडून आलेल्या बाईच्या वतीने नवरा किंवा दीर कारभार करतो, हे चित्र बदलायचे असेल तर तरुण मंडळात मुलींना बरोबरीची जागा द्या. सावित्रीबाई सतरा-अठरा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि जोतीराव एकवीस वर्षांचे होते. आपल्या गावच्या मुलीला आपण संध्याकाळी सातनंतर ग्रंथालयात बसू देत नाही, हे आपल्याला शोभणारे नाही.

जे गाव सोडून गेले आहेत त्यांनाही एक सांगतो. पोटासाठी बाहेर जाण्यात कमीपणा नाही, जे. पी. नाईकही बाहेर गेले. पण गावाशी नाते वर्षातून एकदा जत्रेपुरते आणि वर्गणीपुरते ठेवू नका. पुण्यात संगणकावर काम करणाऱ्या मुलाने गावच्या काजू उत्पादकांसाठी बाजारभावाची माहिती पाठवावी. परिचारिका झालेल्या मुलीने सुट्टीत आली की गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब तपासून त्याची वही ठेवावी. बँकेत लागलेल्याने बचतगटाच्या बायांना हिशेब शिकवावा. ज्याला जे येते, ते त्याने गावाला द्यावे, आणि दर वर्षी द्यावे.

वडीलधाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. तरुणांना सतरंज्या उचलायला बोलावू नका, बैठकीला बोलावा. विकास सोसायटीत, दूध संस्थेत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत एक-दोन जागा तिशीच्या आतल्या मुलामुलींना द्या, आणि त्यांच्या हाती हिशेबाची वहीही द्या. त्यांच्याकडून चूक झाली तर समजावून सांगा, पण चुकतील म्हणून अधिकार रोखून धरू नका. विसाव्या वर्षी एका तरुणाच्या हाती राज्य आले, त्याची फळे आपण सव्वाशे वर्षे खातो आहोत.

तरुण मित्रांनो, तुमच्याकडे मी प्राण मागायला आलो नाही. ते या भूमीने दिले आहेत. मला तुमची दहा वर्षे हवी आहेत. गावचा एकच प्रश्न निवडा. तो पाणंदीचा असेल, मुलींच्या शिक्षणाचा असेल, म्हाताऱ्यांच्या औषधांचा असेल, काजूच्या भावाचा असेल. पाच-सात जण, त्यात निम्म्या मुली, असा गट करा. त्या प्रश्नाचे कागद गोळा करा, माणसांना भेटा, वही ठेवा, आणि तो सुटेपर्यंत हातचा सोडू नका. येत्या ग्रामसभेची तारीख गावातल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, ती वाचा. त्या दिवशी कामाला दांडी पडली तरी चालेल, पण सभेला या, पुढच्या रांगेत बसा, आणि उभे राहून आपला विषय मांडा. तिथूनच सुरुवात करा.